तिसरीच्या मुलांना ॲबोरिजिनल संस्कृती कशी शिकवायची? मदत हवीय (मेलबर्न, प्रायमरी)

खडूफळा (मेलबर्न)

नमस्कार मंडळी, इथे शिक्षक बरेच आहेत म्हणून विचारतेय. मी मेलबर्नच्या पश्चिम भागात एका प्रायमरी शाळेत तिसरीला शिकवते, साताऱ्याकडची आहे, तिथेही चार वर्षं मराठी शाळेत शिकवलंय. पुढच्या टर्मला माझ्याकडे ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर लोकांवरचं युनिट आलंय, संस्कृती, पवित्र जागा आणि रोल मॉडेल्स असे तीन भाग आहेत आणि पाच आठवडे मिळणार आहेत.

शाळेत जुनं फोल्डर आहे तेच गेल्या वर्षी वापरलं. त्यात पेपर प्लेटवर कापसाच्या काडीने ठिपके काढायचे, पुठ्ठ्याचा बूमरँग रंगवायचा आणि एक वर्कशीट, ज्यात सगळी वाक्यं भूतकाळात. ते शिकार करत, ते गुहेत चित्रं काढत, ते कंदमुळं खात. वर्कशीट भरून झाल्यावर एका मुलाने हात वर केला आणि अगदी निरागसपणे विचारलं, "मिस, ते लोक कधी मेले?" मी म्हटलं नाही रे, आहेत की, पण पुढे काय सांगावं ते मला सुचेना, बेल झाली आणि मुलं पळाली. तो प्रश्न वर्षभर माझ्या डोक्यातून जात नाहीये. आठ वर्षांच्या मुलाला मी असं काय शिकवलं की त्याला वाटलं ही माणसं मेलीत?

घरी वेगळीच तऱ्हा. माझी लेक व्हिडिओ कॉलवर आजीला सांगत होती की आमच्या शाळेत ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दल शिकवतात, तर आई म्हणाली, म्हणजे ते जंगलात राहणारे ना? आईचा हेतू वाईट नव्हता. पण मराठीत शब्द कुठला वापरायचा इथपासूनच अडतंय.

माझ्या वर्गात निम्मी मुलं भारतीय घरांतली, बाकी व्हिएतनामी, सोमाली, फिलिपिनो, आणि एक मुलगी कूरी, म्हणजे इकडच्या आग्नेय भागातल्या ॲबोरिजिनल घरातली आहे, शांत असते. मी स्वतः सहा वर्षांपूर्वी या देशात आलेली बाई, मला हे शिकवायचा हक्क तरी आहे का असं वाटत राहतं. पण नाही शिकवलं तर परत तेच फोल्डर उघडणार. पवित्र जागांबद्दल काय सांगायचं आणि काय नाही? रोल मॉडेल म्हणून कोण घेऊ? प्लीज ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

निलगिरीची_सावली (व्हिक्टोरिया)

खडूफळा ताई, आधी हक्काचं बोलते. हा विषय इथल्या अभ्यासक्रमात सगळ्या विषयांमधून यायलाच हवा असं ठरलेलं आहे, तो शिकवायची जबाबदारी तुझी आहेच. फक्त तू त्यांच्या वतीने बोलायचं नाहीस, त्यांचं बोलणं मुलांपर्यंत पोचवायचंस. एवढा फरक मनात पक्का केलास की निम्मी भीती जाईल. मी चौदा वर्षं शिकवतेय आणि सुरुवातीला मीही ते ठिपके काढून घेतलेत, म्हणून मनापासून लिहितेय.

पहिली गोष्ट, काळ बदल. प्रत्येक वाक्य वर्तमानकाळात. "मेलबर्नचे वुरुंजेरी लोक बिरारंगला म्हणजे यारा नदीला सजीव मानतात", "मानत असत" नाही. हे एवढंसं वाटतं पण त्या मुलाचा प्रश्न तिथूनच आला होता.

दुसरं, तुमची शाळा कुणाच्या जमिनीवर उभी आहे तिथून सुरू कर, थेट वाळवंटात जाऊ नकोस. आयाट्सिसचा (ॲबोरिजिनल अभ्यासाची राष्ट्रीय संस्था) भाषा-गटांचा तो रंगीबेरंगी नकाशा आहे ना, तो भिंतीवर लाव आणि मुलांना नुसतं बघू दे. २५० पेक्षा जास्त भाषा होत्या इथे आणि त्यातल्या कितीतरी आज परत बोलायला शिकतायत लोक. भारतीय मुलांना हे पटकन कळतं, कारण त्यांच्या घरातच आई मराठी, बाबा कन्नड, शेजारी पंजाबी असतात. "ॲबोरिजिनल भाषा" अशी एक भाषा नाही हे त्यांना एकदा नकाशावर बोट ठेवून दाखवलं की पुरतं. मेलबर्नच्या आसपास कुलिन राष्ट्राचे पाच गट आहेत, वॉयवुरुंग, बूनवुरुंग, वाडावुरुंग, टाउन्गुरुंग आणि जाजावुरुंग. आणि जुन्या फोल्डरमधलं नाव आंधळेपणाने वापरू नकोस बरं, २०२१ मध्ये वुरुंजेरी (वॉयवुरुंगांपैकी) आणि बुनुरॉन्ग (म्हणजे बूनवुरुंग) यांच्यातली हद्द नव्याने ठरली.

ठिपक्यांबद्दल. ती शैली मध्य आणि पश्चिम वाळवंटातली आहे, आपल्या इथली नाहीच. १९७१ साली पापुन्या नावाच्या वस्तीत तिथल्या माणसांनी शाळेच्या भिंतीवर हनी अँटचं म्हणजे मधमुंगीचं मोठं चित्र काढलं, तिथून ती चळवळ जगभर गेली. त्यातली चिन्हं प्रत्येकाच्या मालकीची असतात, कुणाच्या गोष्टीतलं चिन्ह कुणी काढायचं याचे नियम असतात, आणि काही ठिकाणी ठिपक्यांनी पवित्र भाग झाकलेला असतो. म्हणजे जे झाकायला काढलं तेच आपण मुलांकडून सजावट म्हणून काढून घेत होतो. मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आपल्याकडे वारली चौक लग्नात सुवासिनी काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि तोच चौक कुणी चहाच्या कपावर छापून विकला की कसं वाटतं, तसंच.

मग कला घ्यायचीच नाही का, तर घ्यायची. विल्यम बराक यांची चित्रं दाखव. वुरुंजेरींचे मोठे नेते, १९०३ साली वारले. गेरू आणि कोळशाने ते आपल्या लोकांचे समारंभ काढायचे, पोसम या झाडावरच्या केसाळ प्राण्याच्या कातड्याची पांघरुणं घेतलेली माणसं, त्यावर रेषा आणि चौकटींची नक्षी. ही आपल्या भागाची शैली. चित्र बघा, काय दिसतंय ते सांगा, कोण नाचतंय, कोण बघतंय. नक्कल नाही करायची. आणि हेच बराक हील्सव्हिलजवळच्या कोरांडर्क नावाच्या ॲबोरिजिनल वस्तीहून मेलबर्नला चालत यायचे, सरकारला सांगायला की आमची जमीन आमच्याकडून काढून घेऊ नका. स्वान्स्टन स्ट्रीटच्या वरच्या टोकाला एका उंच इमारतीच्या अख्ख्या दर्शनी भागावर त्यांचा चेहरा आहे, गच्च्यांच्या वळणांतून उमटलेला, जवळून नुसती इमारत दिसते आणि लांब गेलं की माणूस. माझ्या वर्गातल्या मुलांनी तो ट्राममधून स्वतः शोधला होता.

शब्दाबद्दल, मी मराठीत बोलतानाही "ॲबोरिजिनल लोक" किंवा "फर्स्ट नेशन्स" म्हणते. "ॲबोरिजिनी" असं नाम करून म्हणणं त्यांना आवडत नाही, तेवढं टाळ. आणि शक्य तिथे गटाचं नाव घे, आपणही आधी मराठी मग भारतीय असतोच की. त्यांच्या ड्रीमिंगच्या, म्हणजे जग कसं घडलं त्याच्या गोष्टींना दंतकथा, परीकथा म्हणू नकोस. त्यात कायदा आहे, नातीगोती आहेत, पाणी कुठे सापडतं ते आहे. बंजिल म्हणजे वेज-टेल्ड गरुड, इथल्या जमिनीचा निर्माता, त्याच्याबद्दल सांगताना तू तुकोबांबद्दल सांगशील तसाच आवाज ठेव.

आणि त्या कूरी मुलीला वर्गात उभं करून "तू सांग तुमच्याकडे काय करतात" असं कधीच विचारू नकोस. युनिट सुरू व्हायच्या आधी तिच्या घरच्यांना भेट, काय करणार आहेस ते सांग, त्यांना काही सुचवायचं असेल तर ऐक. तेवढं पुरे.

शेवटचं, शाळेला सांगून एखाद्या एल्डरना, म्हणजे त्यांच्यातल्या मानाच्या ज्येष्ठांना बोलवा आणि त्यांना मानधन द्या. सगळं फुकट मागायची शाळांना सवय असते. वेलकम टू कंट्री, म्हणजे आपल्या जमिनीवर पाहुण्यांचं स्वागत, फक्त त्या जमिनीचे लोकच करू शकतात, अकनॉलेजमेंट, म्हणजे ही जमीन त्यांची आहे हे आदराने म्हणणं, कुणीही करू शकतं, तूसुद्धा. आणि एल्डर्सना अंकल, आन्टी म्हणतात, पण तेही त्यांनी तसं म्हणा म्हटल्यावर. आपल्या मुलांना काका-मावशी म्हणायची सवय असतेच, त्यामुळे आमच्या वर्गात तो आदर आपोआप आला.

कातळ (ॲडलेड)

निलगिरी ताईंनी छान लिहिलंय. मी शिक्षक नाही, पण पवित्र जागांबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, कारण आम्ही २०१८ मध्ये उलुरूला, म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातल्या त्या प्रचंड खडकाला गेलो होतो, बायको आणि दोन मुलं.

तेव्हा चढायला बंदी नव्हती. पायथ्याशी फलक होता, त्यावर अनांगू लोकांनी, म्हणजे त्या जमिनीच्या मूळ मालकांनी लिहिलेलं की ही आमची जागा आहे, कृपया चढू नका. आणि त्याच्याच शेजारून साखळी धरून माणसं वर चढत होती. माझा मुलगा नऊ वर्षांचा, तो फलक मोठ्याने वाचून मला म्हणाला, "बाबा, यांनी प्लीज म्हटलंय." मग आम्ही खालून पूर्ण प्रदक्षिणा घातली, साधारण दहा किलोमीटर, पहाटे निघालो तरी नऊनंतर ऊन डोक्यावर. पण काय सांगू, लांबून तो एकसंध खडक दिसतो आणि जवळून त्याला घड्या आहेत, गुहा आहेत, पाण्याच्या काळ्या रेघा आहेत, एका बाजूला मुटिजुलू नावाचा पाणवठा आहे तिथे इतकी शांतता की मुलं आपोआप हळू बोलायला लागली.

मध्ये मध्ये पाट्या आहेत की इथे फोटो काढू नका. काही जागा फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या, आणि ते रूप त्या जागीच, योग्य माणसानेच बघायचं असतं. माझी मुलगी विचारायला लागली का नाही काढायचा फोटो, तर मी म्हटलं आपण गाभाऱ्यात काढतो का? नाही ना, चप्पल बाहेर काढतो, फोन खिशात ठेवतो. तिला तिथेच समजलं. मला वाटतं आपल्या मुलांना हाच धागा पकडून सांगता येईल. पण एक फरक सांगायला हवा, उलुरूवर देऊळ नाही, त्या खडकातच सगळं आहे. माला, कुनिया, लिरू या पूर्वजांच्या घटना तिथे घडल्या आणि त्याच्या खुणा खडकावर आहेत, हा त्यांचा चुकुर्पा, म्हणजे जगण्याचा कायदाच. जेवढं अनांगू लोक स्वतः सर्वांना सांगतात तेवढंच मुलांना सांगायचं. शेजारच्या काटा जुटा या खडकांबद्दल तर ते बाहेरच्यांना गोष्टी सांगतच नाहीत, तर वर्गातही नेमकं हेच सांगा, की या जागेची गोष्ट आपल्याला माहीत नसणं हेच बरोबर आहे. माझ्या मुलांना हे फार आवडलं होतं, एखादी गोष्ट गुपित असू शकते आणि मोठी माणसंसुद्धा ती मागत नाहीत.

तारखा हव्या असतील तर, २६ ऑक्टोबर १९८५ ला ती जमीन अनांगूंना कायद्याने परत मिळाली, त्यांनी ती ९९ वर्षांसाठी राष्ट्रीय उद्यानाला भाड्याने दिली, आणि बरोबर ३४ वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९ ला चढाई कायमची बंद झाली. शेवटच्या दिवसांत रांगा लागल्या होत्या चढायला, टीव्हीवर बघून फार वाईट वाटलं. आणि एक गंमतीची नाही पण मुलांना भिडेल अशी गोष्ट, लोक तिथून दगड खिशात घालून नेतात आणि वर्षांनी पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीचं पत्र. त्यांना सॉरी रॉक्स म्हणतात. मुलांना असं एक पत्र लिहायला सांगा, मनाने.

साधासरळ (सिडनी)

चर्चा वाचली. मला प्रामाणिकपणे वाटतं की आठ वर्षांच्या मुलांसाठी हे जास्त होतंय. ठिपके काढू नका, बूमरँग करू नका, हे म्हणू नका ते म्हणू नका, मग मुलांना मजा काय? जमीन गेली, मुलं हिरावली हे सगळं मोठेपणी कळेलच. माझा मुलगा मागे शाळेतून आला आणि रात्री विचारत होता की पोलीस मलाही घेऊन जातील का. दोन दिवस आमच्याजवळ झोपला. शिक्षकांनी जरा सांभाळून घ्यावं एवढंच म्हणणं आहे, राग नसावा.

क्रिकेटवेडा_आजोबा (मेलबर्न)

रोल मॉडेलसाठी माझं ऐका, जॉनी मुल्लाघ घ्या. मी निवृत्त आहे, नातवंडांना एमसीजीला नेतो, म्हणून हा माणूस मला माहीत झाला.

२०२० च्या बॉक्सिंग डे टेस्टमध्ये आपला अजिंक्य रहाणे, ॲडलेडला ३६ वर डाव आटोपल्यानंतर कॅप्टन म्हणून उभा राहिला, ११२ केल्या, मॅच जिंकली. त्याच्या गळ्यात जे पदक पडलं ते मुल्लाघ मेडल, आणि ते पहिल्यांदाच दिलं जात होतं. म्हणजे या पदकाचा पहिला मानकरी मुंबईकडून खेळणारा मराठी मुलगा. आमच्या घरात सगळे नाचले पण मुल्लाघ कोण हे एकालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. मग शोधून वाचलं.

त्यांचं खरं नाव उनारिमिन, पश्चिम व्हिक्टोरियातले. १८६८ साली ॲबोरिजिनल खेळाडूंचा संघ इंग्लंडला गेला, परदेश दौऱ्यावर गेलेला ऑस्ट्रेलियाचा पहिला क्रिकेट संघ हा. ४७ मॅचेस, १४ जिंकल्या, १४ हरल्या, १९ अनिर्णित. मुल्लाघ यांनी १,६९८ धावा केल्या आणि २४५ विकेट्स काढल्या, एका दौऱ्यात! त्यातला किंग कोल नावाचा खेळाडू लंडनमध्येच क्षयाने गेला, घरापासून इतक्या लांब. आणि संघ परत आला तर पुढच्याच वर्षी, १८६९ ला, व्हिक्टोरियात असा कायदा आला की ॲबोरिजिनल माणसाने कुठे राहायचं, कुठे काम करायचं हे सरकारी मंडळ ठरवणार. लॉर्ड्सवर खेळून आलेल्या माणसांना. त्या पदकावर १८६८ च्या संघाच्या पट्ट्याच्या बकलाची प्रतिकृती आहे. मुलांना आधी रहाणेचा फोटो दाखवा, मग विचारा गळ्यात काय आहे. माझा नातू त्या दिवसापासून बॅटिंग करताना स्वतःला उनारिमिन म्हणवतो.

एमसीजीच्या बाहेर यारा पार्कमध्ये जुनी रेड गमची झाडं आहेत, त्यांच्या बुंध्यावर लांबट व्रण दिसतो, होडीसाठी किंवा ढालीसाठी साल काढल्याची खूण. साल अशी काढलेली की झाड मेलं नाही, व्रणाच्या कडा जाड होऊन आत वळल्यात, जखम भरते तशा. मुलांना तिथे न्या, पाच मिनिटं नुसतं उभं राहू द्या. हात लावायचा नाही, तेवढं सांगा.

आणि पन्नास डॉलरची नोट खिशातून काढा! त्यावर डेव्हिड युनायपॉन आहेत, न्गारिन्जेरी, लेखक आणि संशोधक, मेंढ्यांची लोकर कापायच्या यंत्राच्या हॅन्डपीसमध्ये त्यांनी सुधारणा केली, १९०९ ची गोष्ट. भिंग द्या मुलांच्या हातात, नोटेवर काय काय सापडतं ते बघू द्या. रोज दुकानात हातात येणारा माणूस आहे तो, पण बघतंय कोण?

स्वाती_नक्षत्र_पर्थ

इकडे पर्थहून दोन गोष्टी. इथे नूंगार लोकांचे सहा ऋतू आहेत, बिराक, बुनुरू, जेरान, माकुरू, जिल्बा, कम्बारांग, प्रत्येकी साधारण दोन महिने. आपलेही सहाच ना, वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर! आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मी दोन्ही तक्ते शेजारी लावले. मुलांना गंमत ही वाटली की इथल्या चार इंग्रजी ऋतूंपेक्षा नूंगार ऋतू खिडकीबाहेर खरे दिसतात, माकुरूत थंडी-पाऊस, कम्बारांगमध्ये रानफुलं येतात आणि साप उन्हाला बाहेर पडतात. तुमच्याकडे कुलिन लोकांचे सात ऋतू सांगतात, ते घ्या, आमचे नको. आपल्या दाराशी जे उगवतं तेच.

दुसरी म्हणजे आकाश. त्रिशंकू माहितीय ना, यांचा सदर्न क्रॉस. त्याला लागून एक काळा डाग आहे, कोळशासारखा, ते इमूचं डोकं. तिथून आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांमधून मान, अंग, पाय. आपण चांदण्या जोडून आकृती करतो, इथे चांदण्यांच्या मधला अंधार बघायचा. आम्ही गावाबाहेर गेलो मे महिन्यात, मुलांना खूप वेळ दिसेचना, मग एकाला दिसला आणि तो इतका ओरडला, आणि एकदा दिसला की नंतर तो जातच नाही डोळ्यांसमोरून. कामिलारोई लोक सांगतात की एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी तो इमू धावताना दिसतो, तेव्हा खाली खरे इमू जोड्या जमवत असतात, आणि जून-जुलैत नर अंड्यांवर बसतो. म्हणजे आकाशातलं कॅलेंडर. कृत्तिकांची गोष्टही इथे आहे, सात बहिणी आणि त्यांच्या मागे लागलेला माणूस, कितीतरी वेगवेगळ्या गटांत. आपल्या कृत्तिका कार्तिकेयाला सांभाळणाऱ्या. इतक्या लांब राहूनही सगळ्यांना त्या बायकाच दिसाव्यात, मला अजून अंगावर काटा येतो.

निलगिरीची_सावली (व्हिक्टोरिया)

साधासरळ, राग कसला, तुमचा मुलगा घाबरला हे खरंच वाईट झालं आणि तसं व्हायला नको होतं. पण उपाय न सांगणं हा नाही हो. माझ्या वर्गात एक मुलगा होता ज्याच्या पणजीला लहानपणी घरातून नेलं होतं. त्याच्या घरी हे रोज बोललं जातं. मी वर्गात गप्प राहिले तर त्याला काय वाटेल, की माझ्या पणजीबद्दल बोलायचं नसतं?

मी कसं सांगते ते लिहिते. आधी घर. प्रत्येकाने आपल्याला कोण अंगाई म्हणतं, कोण केस विंचरतं, कोण कुठल्या भाषेत रागावतं ते सांगायचं. मग सांगायचं की एके काळी इथल्या सरकारने कायदे केले आणि कितीतरी ॲबोरिजिनल मुलांना घरापासून दूर नेलं, त्यांना त्यांची भाषा बोलू दिली नाही, ते चुकीचं होतं, ते कायदे आता नाहीत. हे शेवटचं वाक्य लगेच, त्याच दमात सांगायचं, दुसऱ्या दिवशी नाही, म्हणजे मुलं घाबरी होऊन घरी जात नाहीत. आणि १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत सगळ्या देशाच्या वतीने माफी मागितली. मोठी माणसंही सॉरी म्हणतात हे मुलांना नवीन असतं. मारण्याचे, ओढून नेण्याचे तपशील या वयात नकोत, तिथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. त्या दिवशी पालकांना घरी चिठ्ठीही पाठवते, म्हणजे रात्री मुलाने विचारलं तर आईबापाला उत्तर तयार असतं.

आणि मजा कोण काढून घेतंय! ॲबोरिजिनल धावपटू कॅथी फ्रीमनची रेस लावा ना, २५ सप्टेंबर २०००, सिडनी ऑलिंपिक, ४०० मीटर, ४९.११ सेकंद, आणि नंतर ऑस्ट्रेलियाचा आणि ॲबोरिजिनल असे दोन्ही झेंडे घेऊन अनवाणी फेरी. माझ्या वर्गातली मुलं बाकावर उभी राहून ओरडतात. त्यावरून ॲबोरिजिनल झेंडा घ्या, हॅरल्ड थॉमस यांनी १९७१ साली केलेला, काळा माणसांचा, लाल मातीचा, पिवळा सूर्य.

नंतर एडी माबोंची गोष्ट. टोरेस स्ट्रेटमधल्या मेर बेटावरचे, टाउन्सव्हिलच्या युनिव्हर्सिटीत माळी म्हणून कामाला होते. बोलता बोलता त्यांना कळलं की ज्या जमिनीवर वाडवडिलांनी बागा केल्या ती सरकारी कागदावर आपली नाहीच. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नावच नाही. हद्द कुठल्या झाडापासून कुठल्या दगडापर्यंत ते घरातल्या प्रत्येकाला पाठ, पण कागद नाही. दहा वर्षं कोर्टात लढले. ३ जून १९९२ ला हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च न्यायालय) त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि ते त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. रिकन्सिलिएशन वीक, म्हणजे दरवर्षीचा सलोख्याचा आठवडा, ३ जूनला संपतो तो याच निकालामुळे. हे सांगितल्यावर वर्ग एकदम शांत होतो. ते शांत होणं वाईट नाही.

साधासरळ (सिडनी)

चिठ्ठीची कल्पना पटली. आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर आम्हीही त्याच्याशी नीट बोललो असतो, आम्हालाच काही माहीत नव्हतं म्हणून "झोप आता" म्हटलं. मेर बेटाचं त्याला सांगतो.

रापणकर (जिलाँग)

मी मालवणचा, माशांवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. खडूफळा ताई, व्हिक्टोरियातच बज बिम आहे, गुंडिचमारा लोकांचं. ज्वालामुखीचा लाव्हा थंड होऊन जो दगड झाला त्यातून त्यांनी पाट काढले, बांध घातले, तळी केली आणि ईल मासे, त्यांच्या भाषेत कुयांग, तिथे वाढवले. त्यातलं काही काम ६,६०० वर्षांपूर्वीचं आहे! २०१९ साली जागतिक वारशात आलं. पाटाच्या तोंडाशी गवताची विणलेली निमुळती टोपली, ईल आत शिरतो, पलीकडे माणूस उभा. आमच्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला बांबूची टोपली लावतात ती मला तिथे उभं राहून आठवली. हे "भटके शिकारी" होते असं ज्या वर्कशीटमध्ये लिहिलंय ते फाडून टाका. वाळूच्या ट्रेमध्ये मुलांना दगड आणि पाणी द्या आणि सांगा पाणी वळवा, मासा अडवा, पण लहान मासा सुटला पाहिजे. तासभर डोकं वर काढणार नाहीत.

खडूफळा (मेलबर्न)

मंडळी, युनिट संपलं म्हणून परत आलेय. आधीच लिहायला हवं होतं, पण रिपोर्ट्स चालू होते.

फोल्डर बाजूला ठेवलं. दगड-पाण्याचा ट्रे केला, पहिल्या दिवशी वर्गभर पाणी झालं, दुसऱ्या दिवशी चार मुलींनी असा बांध घातला की छोटे मणी वाहून गेले आणि मोठे अडकले. रहाणेचं पदक दाखवलं. नोट आणि भिंग तर इतकं चाललं की मुलं आता घरी आईबाबांची पाकिटं उघडायला लावतायत, दोन पालकांच्या तक्रारी आल्या.

कूरी मुलीच्या आईला आधी भेटले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाली, रडकं करू नका. मग तिच्याच ओळखीतून एक आन्टी वर्गात आल्या, मानधनासाठी शाळेत दोन मीटिंगा कराव्या लागल्या पण मिळालं. त्यांनी पोसमच्या कातड्याचं पांघरूण आणलं होतं. बाळ जन्मलं की छोटं पांघरूण करतात आणि ते मोठं होईल तसे तुकडे जोडत जातात, आतल्या बाजूला त्याच्या जमिनीची, कुटुंबाची नक्षी. हल्ली कातडी न्यूझीलंडहून आणतात कारण इथे पोसमला संरक्षण आहे. माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्याकडे आजीच्या लुगड्यांची गोधडी करतात, तर त्या म्हणाल्या पुढच्या वेळी घेऊन या, मला बघायचीय.

गेल्या वर्षीचा तो मुलगा आता चौथीत आहे, त्याच्या बाईंना सांगून त्यालाही त्या तासाला बोलावलं. तो सगळ्यात पुढे बसला, बराच वेळ पांघरुणाच्या केसांवरून हात फिरवत होता, मग आन्टींना विचारलं, "हे तुम्ही आता कुणासाठी करताय?" त्या म्हणाल्या, नातीसाठी, ती ऑक्टोबरमध्ये येणार आहे, अजून पोटात आहे. त्याने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, मग तुम्हाला घाई करायला हवी.

स्वाती, कुलिन लोकांच्या सात ऋतूंचा तक्ता मी लावलाय, पण मुलांना आता आपल्या सहा ऋतूंचाही हवाय, तुझ्याकडचा मराठी तक्ता मेसेजमध्ये पाठवशील का? आणि रापणकर दादा, बज बिमला पंचवीस मुलांची बस न्यायची तर मेलबर्नहून एका दिवसात जाऊन येणं होईल का, की मुक्काम करावा लागेल?